यख्मायला हाक

आमच्या इमारतीतल्या फ्रीमाआजीला नकला आवडायच्या. जिन्यात भेटली की भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणायची, "हं माकडे, आज कोण?" मग मी तिला दवाखान्यातली रशियन नर्स करून दाखवायची, नाहीतर बाजारात ओरडणारा टरबूजवाला. कवळी हातानं सांभाळत ती भिंतीला टेकून हसायची.

तिची स्वतःची नक्कल तर इस्राएलमधल्या आमच्या ओफाकीम गावात कुणालाही जमली असती. नवा माणूस दिसला की ती आवाज खाली आणायची आणि विचारायची, "तुमच्याकडे कुणी यख्माय नावाचा होता का हो?" सूतगिरणीत तिनं उभी हयात हेच विचारलं. रुमानिया कुठे आहे हेसुद्धा ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या मोरोक्कोच्या बायकांना विचारलं, कोचीनच्या बायकांनाही विचारलं. गिरणीतल्या बायका तिला पाठीमागे 'यख्मायची बहीण' म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागल्या, आणि ती ओ द्यायची.

यख्माय तिचा थोरला भाऊ. वडील रुमानियातल्या दोरोहोई गावात मुलांना हिब्रू शिकवायचे. त्यांच्या गल्लीत मोइशे चार आणि अव्रूम पाच. एका आईनं हाक मारली की अर्धी गल्ली जेवायला हजर. म्हणून वडिलांनी पोथीतल्या वंशावळीतून, जिथं वाचणारा कधी थांबत नाही अशा पानावरून, हे नाव उचललं. "माझ्या पोराला हाक मारली की एकच डोकं वळलं पाहिजे," ते म्हणाले. शेजाऱ्यांना नाव धड म्हणता येईना, पण डोकं एकच वळे.

मग युद्ध आलं आणि ज्यू म्हणून सगळ्या गल्लीला नदीपलीकडे हाकललं. भर दुपारी, चिखलात, होडीवर चढताना यख्मायचा हात आईच्या हातातून सुटला. सहा वर्षांची फ्रीमा आईच्या परकराला धरून होती. आई हाका मारत राहिली, शिपायांनी होडी ढकलून दिली. त्याच हिवाळ्यात आई गेली. भावाला मात्र मेलेला कुणी पाहिलं नाही. आणि न पाहिलेला माणूस फ्रीमाआजीच्या लेखी मेलेला नसतो.

"ते नाव जगात कुठंही घेतलं तरी वळणारा तो एकटाच," ती म्हणायची. म्हणूनच ती ते कधी मोठ्यानं घेत नसे. हाक वाया जाते म्हणे. पूर्वी रेडिओवर हरवलेल्यांची नावं वाचत, तेव्हा निवेदकानं 'याकमी' की असंच काहीतरी वाचलं. ते सांगताना ती अजून चिडायची. "त्यानं ऐकलं असेल, आपलं नव्हे म्हणाला असेल, आणि चहा पीत बसला असेल!"

तिचा नातू एव्यातार. त्याची बायको मोरीया, ट्युनिशियाच्या जेर्बा बेटाकडच्या घराण्यातली. मोरीयाला सातवा लागला तेव्हा दोघं फ्रीमाआजीकडे आले, सोबत मोरीयाची आजी मसऊदा. मी तिथंच वाटाणे सोलत होते.

"आजी, पोराचं नाव यख्माय ठेवायचं आमच्या मनात आहे," मोरीया म्हणाली.

फ्रीमाआजीनं सुरी खाली ठेवली. "लोकांना म्हणता यायचं नाही."

"नको येऊ दे. वर्गात दुसरा तरी नसेल."

"माझ्या भावाला पुरायला आलात का गं?"

एव्यातार खाली बघू लागला. त्याला रीत ठाऊक होती. त्यांच्यात नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचं. जिवंताचं ठेवलं तर मृत्यूचा दूत चुकीच्या दारी येतो म्हणतात.

"ते तुमच्यात," मोरीया म्हणाली. "आमच्यात जिवंत माणसाच्याच नावाचा मान. ही मसऊदाआजी बसलीय ना समोर? तिच्या नावाच्या चार नाती आहेत."

"पाच," मसऊदा म्हणाली. "आणि एक भवानी फोन करेल तर शपथ. मेल्यातच जमा मी."

"तुम्ही म्हणता ते जिवंत आहेत," मोरीया पुढे झाली. "मग आमच्या रीतीनं जिवंताचं म्हणून ठेवू. का तुमचीच खात्री नाही?"

एव्यातारनं तिला कोपर मारलं. फ्रीमाआजी बराच वेळ सालपटं गोळा करत राहिली.

"हाक मारली की दोन डोकी वळतील," ती शेवटी म्हणाली.

"दोन ताटं वाढू."

"ठेवा तर. पण जिवंताचं म्हणून. त्यात बदल नाही."

पोर झालं. आठव्या दिवशी सुंतेला सगळे सभागृहात जमले. रीतीप्रमाणे एलीयाहू संदेष्ट्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. फ्रीमाआजी तिच्या अगदी समोर बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाली, "तिथं नको हं बसू." लहान मूल टेकलं तरी उठवायची.

सुंता झाली, पोरानं टाहो फोडला. रब्बींनी वाकून एव्यातारला नाव विचारलं, मग कुणावरून ते विचारलं. "आजीच्या भावावरून," एव्यातार म्हणाला. रब्बी पोलंडकडच्या घरातले. त्यांनी सरळ आपल्या रीतीनं भाऊ गेलेला धरला आणि मोठ्यानं सांगितलं, "याचं नाव आजीच्या भावावरून, त्याच्या स्मृतीला आशीर्वाद असो, याखामी..."

"थांबा!" फ्रीमाआजी उठली. "तो जिवंत आहे."

पोर रडतच होतं.

"शंभर आणि वीस वर्षं जगो!" मसऊदा ओरडली आणि जीभ हलवून तिनं आनंदाचा लांब ललकार काढला. दोघीतिघी जणी सामील झाल्या आणि अर्ध्यात थांबल्या.

रब्बी ओशाळले. "माझं चुकलं, आजी. 'दीर्घायुषी होवो' म्हणतो. तेवढं नाव एकदा नीट सांगा. जिभेवर बसत नाही माझ्या."

फ्रीमाआजीनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि सांगायच्या ऐवजी हाक मारली.

सगळ्या गावाचे आवाज मी गोळा करते. हा कधी ऐकला नव्हता. ऐंशी वर्षांच्या बाईचा नव्हताच तो. तरुण बाईचा, पाण्यावरून जाणारा, 'ख'ला घशात खरवडणारा, 'माय'वर उंच चढून तिथंच लटकत राहणारा. एव्यातारनं बायकोचा दंड धरला. पोर रडायचं थांबलं.

हाक मारून ती ऐकत उभी राहिली. मान किंचित तिरकी, तोंड अर्धं उघडं. आम्हीही तसेच. कुणी खोकलं नाही. सभागृहाचं दार उघडं होतं, आणि आमच्यातला प्रत्येक जण, खरं सांगते, दाराकडे बघत होता. बाहेरून एक ट्रक गेला. मग तोही ऐकू येईनासा झाला.

"नाही," फ्रीमाआजी म्हणाली. आता तिचाच आवाज होता. "मघाशी म्हणालात तेच म्हणा."

"आजी, मी..."

"म्हणा. स्मृतीला आशीर्वाद."

रब्बींनी म्हटलं. पोराच्या ओठांना वाइनचं बोट लावलं. लोक 'आमेन' म्हणाले, हळू, दचकल्यासारखे.

मग तिनं रब्बींना बाजूला घेऊन विचारलं, "बातमी फार उशिरा कळली तर सुतक किती?"

"तासभर पुरतं," ते म्हणाले.

ती सभागृहाच्या स्वयंपाकघरात गेली. बूट काढले, सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उलटा केला आणि जमिनीलगत बसली. मसऊदा मागोमाग गेली. सुतकातल्या माणसाला देतात तसं उकडलेलं अंडं सोलून तिनं मीठ न लावता तिच्या हातात ठेवलं आणि स्वतः फरशीवर बसली. ट्युनिशियाच्या तिखट पुऱ्या, खारवलेले हेरिंग मासे आणि केक घेऊन वाढपी दोघींना वळसा घालत ये-जा करत होते.

मध्ये ताटं सरकवायची खिडकी होती. पलीकडे पोर हातोहात फिरत होतं. "याखमाई, बघ इकडे!" "अले, यामाय!" "काय म्हणालात? एखमी?" मोरीया हसून हसून प्रत्येकाला सुधारत होती.

"कुणालाच येत नाही," मसऊदा म्हणाली.

"येईल," फ्रीमाआजी म्हणाली आणि अंड्याचा घास घेतला. "त्याला आता रोजच हाक मारायची आहे."