बावन्न मिनिटं, सतरा सेकंद

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी चौकीवर होतं. जागेचं नाव सांगत नाही, आणि सांगितलं तरी नकाशात सापडणार नाही. मी तेव्हा सिग्नलचा हवालदार होतो. पुढे सुभेदार होऊन पेन्शनवर येडशीला घरी आलो. चौकीवर माझ्या ताब्यात एक टेलिफोन एक्सचेंज, दोन रेडिओ सेट आणि सहा लाइनमन. ०५३० ला उठणं, ०६०० ला पहिला टेस्ट कॉल, मग दर तासाला लाइन तपासणं. बर्फ पडलं की केबल तुटायची. तुटली की लाइन पार्टी निघायची, तुटलेली जागा शोधायची, जॉइंट मारायचा आणि परत. सिग्नलच्या माणसाचं सगळं आयुष्य या एका कामात जातं.

जेवणानंतर दोन तास ड्यूटी नसलेल्यांना करमणुकीची खोली उघडी असे. तिथल्या टीव्हीला नायक महेबूब शेखने एक जुना कॉम्प्युटर जोडला होता. महेबूब आमच्याच जिल्ह्यातला, नळदुर्गचा. त्या डब्यात त्याने लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली, सिनेमे भरले आणि प्रत्येक जवानाच्या नावाचं वेगळं खातं उघडून त्यावर फोटो लावला. कोणी सिनेमा कुठे सोडला ते डबा लक्षात ठेवायचा. आम्हाला हे फार सोयीचं होतं, कारण चौकीवर एका बैठकीत अख्खा सिनेमा कोणाच्याच नशिबी नसतो.

त्या दिवशी महेबूब एक दख्खनी विनोदी सिनेमा बघत बसला होता. भाषा त्याला एकट्यालाच धड कळायची, पण हसवायचा सगळ्यांना. १४१० ला खालच्या चौकीची लाइन गेली. माझ्यासमोर दोन मार्ग होते. खालच्या वाटेने नवीन केबल टाकायची, त्याला दुसरा दिवस उजाडला असता. नाहीतर वरच्या वाटेला जाऊन तुटलेली जोडायची, तासाभराचं काम. मी सांगितलं, जोडा. महेबूबने रिमोटचं बटण दाबलं आणि दोघांना घेऊन निघाला.

१५०५ ला एक्सचेंजवर घंटी वाजली. वरून महेबूब बोलत होता.

"टेस्ट कॉल. कैसा सुनाई दे रहा है?"

"ओके. वापस आओ."

"ओके, आउट."

१५२० ला वरून बर्फ घसरून आलं. तिघांतले दोघे जिवंत बाहेर निघाले. महेबूब दुसऱ्या दिवशी सापडला.

पुढे आमची युनिट हलली तेव्हा तो डबा भंगारात निघाला होता. तो जवानांनी मिळून घेतलेला, सरकारी नव्हता. साहेबांची परवानगी काढून मी घरी आणला. महेबूबच्या खात्यावर तो सिनेमा अजून तसाच होता. पोस्टरखाली अर्धी निळी रेघ आणि बाजूला आकडा, बावन्न मिनिटं सतरा सेकंद. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला मी डबा पिशवीत घालून एसटीने नळदुर्गला जातो. महेबूबची आई, अम्मी, टीव्हीसमोर बसते. मी माझ्या खात्यावरून तोच सिनेमा पहिल्यापासून लावतो आणि बावन्न मिनिटं झाली की थांबवतो. पुढचा आम्ही कधी पाहिला नाही. मग मी महेबूबचं खातं उघडतो, अम्मी त्या निळ्या रेघेवर बोट ठेवते आणि आम्ही जेवायला उठतो.

मागच्या वर्षी अम्मीच्या धाकट्या मुलाने पुण्याहून तिला नवीन टीव्ही पाठवला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. नव्या टीव्हीवर चित्र आलं, आवाज काही येईना. बावन्न मिनिटं मुका सिनेमा पाहिला. घरच्या टीव्हीवर तोच डबा व्यवस्थित बोलत होता. माहीतगार म्हणाले, लिनक्स फार जुनं झालंय, अपग्रेड करा. म्हणजे या वर्षी हे काम अम्मीच्या घरीच, तिच्या टीव्हीला जोडून करणं आलं. निघण्याआधी मी दोन दिवस बसून सगळे सिनेमे बाहेरच्या डिस्कवर उतरवले, एकेक मोजून यादीवर टिक केली. सैनिकाने तयारी करावी तर अशी, असं मला वाटत होतं.

०९५० ला नळदुर्गला पोचलो. बालाजी माझ्या आधी येऊन चहा पीत बसला होता. हवालदार बालाजी, उमरग्याचा, आमच्याच चौकीवर गाड्यांचा मेकॅनिक होता. कॉम्प्युटरमधलं त्याला माझ्याहून जास्त कळतं आणि ते तो विसरू देत नाही.

"अपग्रेड कशाला करताव, साहेब? समदं पुसा अन् नवं टाका. वीस मिनिटाचं काम हाय."

"पुसायचं नाही."

"इंजिन बसलं तर आमी उघडत बसत न्हाय. उतरवायचं, दुसरं चढवायचं."

"हे इंजिन नाही."

१०२० ला त्याच्या मोबाइलचं इंटरनेट घेऊन अपग्रेड सुरू केलं. त्या प्रोग्रामइतका संशयी संत्री मी नोकरीत पाहिला नाही. दर दोन मिनिटांनी थांबायचा आणि विचारायचा, अमुक फाइल जुनी ठेवू की नवीन घेऊ? मी दर वेळी जुनी ठेव म्हणून सांगायचो. अकरा वेळा विचारलं. प्रत्येक वेळी बालाजी मागून "नवी घ्या की" म्हणायचा. बाराव्या वेळी मी त्याला बाहेर जाऊन हायवेवरचे ट्रक मोजायला सांगितलं. तो गेला नाही.

११०५ ला लाइट गेली. सिग्नलमध्ये चोवीस वर्षं काढलेला माणूस, सेटला बॅटरी लावल्याशिवाय कधी ड्यूटीवर बसला नाही, आणि आज इन्व्हर्टरचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. सव्वा तास आम्ही बंद टीव्हीसमोर बसलो. अम्मीने दोनदा चहा केला. मी दोन्ही वेळा नको म्हणालो आणि दोन्ही वेळा प्यालो.

१२२० ला लाइट आली. डबा सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं धावली आणि तळाशी एक छोटी रेघ लुकलुकत राहिली. तीन वेळा बंद करून चालू केला. तीच रेघ.

"अर्धं जुनं, अर्धं नवं. खिचडी झाली," बालाजी म्हणाला. "आता तरी पुसू द्या. सिनेमे तर तुमी उतरवलेत न्हवं?"

"सिनेमे उतरवलेत."

"अन् खात्यांची माहिती? कुणी कुठं सोडला ती? ती सिनेमात नसती साहेब. दडवलेल्या फोल्डरात असती. ते घेतलं का?"

घेतलं नव्हतं. बाजारात मिळतील ते सगळे सिनेमे मी दोनदा मोजून घेतले होते, आणि महेबूबच्या हातचं जेवढं होतं तेवढंच घ्यायचं राहिलं होतं. रंगरुटांना मी शिकवायचो, दिसतं तेवढंच मोजू नका. स्वतःचा इतका संताप मला नोकरीत कधी आला नव्हता.

"मग पुसायचं नाही. मी हेच दुरुस्त करणार," मी म्हणालो.

"आकडा तर पाठ हाय आपल्याला. कागदावर लिवून भिंतीला लावा."

"आकडा त्याने दाबलाय, बालाजी. कागदावर तो माझा होईल."

मी कीबोर्ड ओढला. दिसेल तो हुकूम टाइप करत गेलो. प्रत्येक हुकमागणिक नवी चूक. बालाजीने दोनदा माझा हात धरला, मी दोनदा झटकला. एक वाजत आला होता. शेवटी तो उठून उभा राहिला.

"तुमचं नेहमीचंच हाय साहेब. तुटलेलं जोडायचं, जीव गेला तरी. त्या दिवशीबी नवी लाइन टाकायची सोडून जॉइंटच मारायला धाडलं त्याला."

बोलला आणि त्याचं लक्ष दाराकडे गेलं. अम्मी दारातच उभी होती.

इतकी वर्षं मी तिला ते सांगितलं नव्हतं. बर्फ आलं, एवढंच सांगितलं होतं. दोन मार्ग होते आणि निवड माझी होती, हे सांगायला दर वर्षी एसटीत बसायचो आणि न सांगता परत यायचो. मी उभा राहिलो. सावधान उभं राहण्याची सवय अजून जात नाही.

"अम्मी, तो खरं बोलतोय. हुकूम माझा होता."

"ठावं हाय मला," अम्मी म्हणाली. "त्याच्या संगं गेलेला एक पोरगा पयल्याच वर्षी येऊन सांगून गेला. समदं सांगितलं त्यानं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? दरसाल तुमाला जेवू घालते का न्हाय?" ती आत वळली. "भांडू नका दोघं. तेवढं सुरू करा. खाना थंडा होतोय."

बालाजीने मान खाली घातली, बॅगेतून एक पेन ड्राइव्ह काढला आणि डब्याला लावला. डिस्कला हात न लावता डबा त्या पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू झाला. मी बाजूला सरकलो आणि कीबोर्ड त्याच्याकडे दिला. त्याने जुनी डिस्क उघडली, दडवलेली फोल्डरं दाखवायला लावली. खात्यांचं फोल्डर तिथेच होतं. आतमध्ये सगळ्यांची नावं एकाखाली एक.

"उतरवतो हे. मग पुसू का, साहेब?"

"पूस," मी म्हणालो.

१३४० ला नवीन लिनक्स बसलं. बालाजीने बाहेरच्या डिस्कवरचे सिनेमे जोडले, फोल्डर जागेवर ठेवलं आणि सिनेमाचा प्रोग्राम उघडला. प्रोग्रामने जुनी माहिती नव्या साच्यात घालायला चांगली पाच मिनिटं घेतली. त्या पाच मिनिटांत आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग फोटो आले. महेबूबचा तिसरा होता. सिनेमाखाली निळी रेघ होती, बावन्न सतरा.

मी सवयीने माझं खातं उघडायला गेलो. अम्मीने माझ्या हातातून रिमोट घेतला. महेबूबच्या फोटोवर गेली आणि बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, पहिल्यापासून की सोडलं तिथून? मी तिला वाचून दाखवला.

"अम्मी, तिथून पुढे गेलात तर तो आकडा जाईल. परत येणार नाही."

"जाऊ द्या. किती साल बसवून ठेवायचं त्याला मधातच? त्याला पुरा बघू द्या."

तिने पुढे लावला. आवाज आला, स्वच्छ. उरलेला सिनेमा, खरं सांगतो, अगदीच टाकाऊ होता. हिरो विहिरीत पडतो, सासरा त्याला काढायला जाऊन स्वतः पडतो. अम्मी तोंडावर पदर धरून हसत होती. आम्हाला न कळलेलं ती मराठीत सांगत होती, चौकीवर महेबूब सांगायचा तसंच. मी रडलो, ते लपवलं नाही. जेवण खरंच थंड झालं.

सिनेमा संपला. निळी रेघ गेली आणि तिच्या जागी बरोबरची खूण आली. अम्मीने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं.

"पुढच्या साली दुसरा लावा. त्यानं न बघितलेला."

मी यादी उघडली. नायक महेबूब शेख, नळदुर्ग. त्याच्या खात्यावर न पाहिलेले एकतीस सिनेमे आहेत. अम्मीने त्यातला एक निवडला आणि मी त्याचं नाव माझ्या वहीत लिहून घेतलं.