खोगीरवाल्या चाचांचे गाल

कोल्हापुरात जन्माला येऊन ज्याला तिखट चालत नाही, ऊन चालत नाही आणि चुलीची धगही सोसत नाही, असा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका आमच्या शेजारी आणून ठेवला. महाराज गादीवर होते तेव्हाची ही गोष्ट. पागेतल्या घोड्यांची खोगिरं शिवणारे म्हणून सगळी गल्ली त्यांना खोगीरवाले चाचा म्हणायची. त्यांचं नाक आणि दोन्ही गाल कायम लालबुंद, वर बारीक पुटकुळ्या. पागेत कुणी गोरा साहेब आला की लोक विचारत, "चाचा, पावणं तुमच्याकडचंच काय?" चाचा हसत, आणि हसले की आणखी लाल होत. दारूचा थेंब त्यांनी जन्मात घेतला नव्हता, पण नवखा माणूस त्यांच्याशी दोन पावलं लांबूनच बोले.

त्या गालांची बडदास्त मात्र नवरदेवालाही मिळणार नाही अशी. चाचांची बायको लवकर गेली. एकच मुलगी, आणि हा सगळा कारभार तिच्या हाती. सकाळी घागरीतलं गार पाणी. साबण नाही, शिकेकाई नाही. जुन्या मलमलीने गाल पुसायचे नाहीत, नुसते टिपायचे, मग वर काकडीचा रस. "तोंड धुवायचं असतंय, भांडं घासायचं न्हवं," हे चाचांचं तत्त्वज्ञान. एकदा नव्या न्हाव्याने दाढीनंतर सवयीने तुरटी फिरवली, तर चाचा आठ दिवस ओल्या फडक्याआड बसून खोगिरं शिवत होते आणि गिऱ्हाइकांशी फडक्यातूनच भांडत होते.

पण याच तोंडापायी मुलीची दोन स्थळं परत गेली. बाप पितो, असं पाहुण्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिसरं स्थळ आजऱ्याचं. चाचांनी महिनाभर उन्हात पाऊल टाकलं नाही, नुसत्या दूधभातावर राहिले, आणि तोंड चक्क गव्हाळ झालं. पंगतीला मीही होतो. मुलाच्या वडिलांनी आपल्या हाताने चाचांच्या वाटीत मटणाचा रस्सा ओतला. "घ्या की! घरधनीच खाईना, मग पावण्यानं कसं खायाचं?" आता नाही म्हणणं म्हणजे अपमान. चाचांनी डोळे मिटून वाटी रिकामी केली आणि बघता बघता गाल पेटले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात मुलगी आतून ओलं फडकं घेऊन आली, चारचौघांत बापाच्या गालांवर ते धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आब्बांस्नी तिखट सोसत न्हाय. दारूबिरू काय न्हाय."

"पोरगी पसंत हाय," मुलाचे वडील म्हणाले.

मुलगी आजऱ्याला गेली. चाचा सकाळी स्वतःच पाणी घेऊन बसू लागले. "आपल्याच हातानं गार वाटत न्हाय हो," असं म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं. बकरी ईदला ती चार दिवसांसाठी येणार होती. आदल्या दिवशी दुपारी बघतो तर चाचा भर उन्हात बसून भाकरीबरोबर ठेचा खातायत, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मी ओरडलोच.

"हळू बोला," चाचा म्हणाले. "तोंड असं बघितलं की आणखी चार दिस ऱ्हाईल."

आणि ती राहिली. मग दर ईदला ठेचा, दर ईदला चार दिवस जादा.

चाचा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. परवा ती बापाच्या कबरीवर फुलं घालायला आली होती, उभ्या उभ्या आमच्याकडे डोकावली. मला राहवेना, ठेच्याची गोष्ट सांगून टाकली. ती हसली.

"मला ठावं हुतं की, काका. पयल्याच ईदला त्यांच्या बोटांना लसणीचा वास आलता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर त्यांनी ठेचा सोडला असता. मग मी सासूला काय सांगून ऱ्हायली असती?"

दिवस कलायच्या आत ती आजऱ्याच्या गाडीत बसली. तिला चार दिवस जादा ठेवून घेईल असं तोंड आमच्या गल्लीत आता कुणाचंच नाही.