लाइट गेली की पिणारा माणूस

आज नाशिकच्या व्यसनमुक्ती बैठकीत भांडून आले. तरुण समुपदेशक एका रिक्षावाल्याच्या बायकोला सांगत होता, "हे आमचा कार्यक्रम पाळत नाहीत. घरी घेऊन जा."

मी उठले. ऐंशीच्या दशकात मी हेच काम करत होते. तेव्हा सगळ्यांना एकच उपाय, देवापुढे शपथ. मालेगावचा एक यंत्रमाग कामगार वैतागून म्हणाला होता, "बाई, शपथा लय झाल्या. लाइट गेली की माग थांबतो आन् पाय गुत्त्याकडं वळतात."

आम्ही शपथ सोडली. लाइट गेली की त्याने थेट बहिणीकडे चहाला जायचं, असं ठरवलं. हळूहळू त्याची दारू सुटली.

हे ऐकून समुपदेशक म्हणाला, "आजी, तो काळ वेगळा होता."

"आजी घरी म्हणायचं," मी म्हणाले आणि रिक्षावाल्याकडे वळले. "तुम्हाला प्यावंसं कधी वाटतं?"

"स्टँडवर भाडं मिळेपर्यंत नुसतं बसावं लागतं ना, तेव्हा."

रिक्षावाल्याला मी घरी पाठवू दिलं नाही. आता त्या रिकाम्या वेळेपासूनच सुरुवात होईल.

तुमच्या घरातल्या पिणाऱ्याला 'का पितोस' हे तुम्ही शंभरदा विचारलं असेल. 'कधी' हे एकदा तरी विचारलंत?