गालाला लावलेली काच

रामदासपेठेतला आमचा चष्मेवाला प्रत्येक भिंग आधी स्वतःच्या गालाला लावतो. भर मे महिन्यातही गार लागलं तर काच, नाहीतर प्लास्टिक. प्लास्टिकला तो भिंग म्हणतच नाही, झाकण म्हणतो.

दूरचं, मधलं, जवळचं एकाच भिंगात दाखवणारा चष्मा आता बहुतेक दुकानदार प्लास्टिकचाच देतात. हा हट्टानं काच मागवतो, कडा स्वतः घासतो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेनं माझ्या प्लास्टिकवर चरे पडले, तेव्हा म्हणाला, "काच घ्या भाऊ. जड लागन, पन चरा पडनार नाही." घेतली, आणि तसंच झालं.

मागच्या महिन्यात नवा चष्मा घ्यायला गेलो तेव्हा नात कडेवर होती. तिनं माझ्या नाकावरचा चष्मा ओढला. त्याचा हात थांबला.

"ही कवापासून ओढून राहिली?"

"रोजच ओढते."

त्यानं माझी तयार काच कागदात गुंडाळून ठेवून दिली. "मंग तुमाले झाकणच."

"काहून गा?" मी चिडलोच.

"काच फुटते. पोरीच्या डोळ्यात गेली म्हंजे?"

आठवड्यानं त्यानं प्लास्टिकचा चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि नातीकडे वळून म्हणाला, "हं, ओढ वं आता."