कंपाइल झालं म्हणजे चाललं?

"कंपाइल झालं ना? मग चाललं." आमच्या साहेबांचं हे वाक्य आठवलं की आजही मस्तकात तिडीक जाते. कंपाइल झालं म्हणजे कॉम्प्युटरने कोडचं यंत्राच्या भाषेत बिनतक्रार भाषांतर केलं, एवढंच.

सातपूरला आमची कंपनी पत्रा दाबायच्या प्रेस आणि त्यांचे कंट्रोलर बनवते. त्यांची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिमही आमचीच. जुना प्रोसेसर मिळेनासा झाला, तेव्हा मोटर, सेन्सर, व्हॉल्व्ह यांच्याशी थेट बोलणारा सगळा कोड वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "नुसतं घर तर बदलायचंय," साहेब म्हणाले. कपाळ! जुना प्रोसेसर कामं मुकाट सांगितलेल्या क्रमाने करायचा. नवा दीडशहाणा. सोयीने मागचं पुढे करतो. जिथे क्रम मोडून चालत नाही, तिथे 'आधीचं संपव, मग पुढे हो' अशी एक ओळ घालावी लागते. कुठे, ते कोणी सांगत नाही. मी दोन महिने मागितले, तीन आठवडे मिळाले. का, तर गिऱ्हाइकाला मशीन दसऱ्याच्या पूजेला हवं होतं.

चाचणी घ्यायला आमचे पेठ तालुक्याकडचे काका होते, अर्धं आयुष्य प्रेसवर काढलेले. प्रेसपुढे सेन्सरचा न दिसणारा पडदा असतो. त्यात हात गेला की वरचा ठोकळा जागीच थांबायला हवा. काका हाताऐवजी लाकडी पट्टी घालत. सकाळभर ठोकळा थांबला. दुपारी एकदा नाही थांबला. पट्टीचे दोन तुकडे झाले. मग संध्याकाळपर्यंत पुन्हा एकदाही चुकला नाही.

साहेबांचं निदान तयार. "काकांनी पट्टी उशिरा घातली. ऑपरेटरची चूक लिहा आणि पाठवून द्या." मला साहेबांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर मलाही तेच लिहावंसं वाटलं होतं. मी कोड उघडला. अर्ध्या तासात सापडलं. 'हात आत आलाय' ही नोंद पोचायच्या आधीच 'नोंद वाचा' ही खूण पोचू शकत होती. ती एक ओळ इतर सगळीकडे घातली होती, इथेच राहिली होती. चूक माझी होती. सगळ्यांसमोर तसं सांगितलं आणि ओळ घातली.

"झालं तर मग!" साहेब म्हणाले. "काका, घाला पट्टी. गाडी निघू दे."

काकांनी पट्टी उचलली नाही. "पट्टीला बोटं नाय राहत, ताई. तिकडं माणूस हात घालणार हाय. तुमचाच घाला ना."

साहेब त्यांच्यावर खेकसले. मलाही काकांचा राग आला, भयंकर आला. तीन आठवडे मान मोडून काम केलं, ते हे ऐकायला? तावातावाने प्रेसपुढे गेले, बाही वर केली, हात पुढे नेला. पडद्याच्या वीतभर अलीकडे तो थांबला. सगळीकडे ओळ घातली आहे, असं मला कालही वाटतच होतं.

"मशीन जाणार नाही," मी साहेबांना सांगितलं.

"आता काय झालं?"

"माझा हात जात नाही."