अक्कांच्या दोरीवरचं ऊन

एका रविवारी सकाळी मी बायकोची चड्डी घालून बॅडमिंटन खेळायला गेलो. आमच्या घरात ही हकीकत कुणीही सांगायला लागलं की इथूनच सुरुवात करतं, मंडळी पोट धरून हसतात, आणि पुढचं सांगायचं राहूनच जातं. पुढचं हसण्यासारखं नाही. म्हणून सुरुवात मीच उरकून घेतो, म्हणजे पुढे जाता येईल.

साठ सालानंतरची पहिली काही वर्षं आम्ही मद्रासजवळ आवडीला होतो. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकून, राहायला सरकारी क्वार्टर. क्वार्टरांच्या दोन रांगांमध्ये सिमेंटचं एक कोर्ट होतं. तिथे आम्ही कारकून मंडळी पांढऱ्या हाफपँटी घालून खेळायचो, म्हणजे निदान धावायचो. त्या दिवशी कपाटातली पांढरी घडी उचलली, चढवली आणि गेलो. शटल उचलायला वाकलो तेव्हा माझा जोडीदार, एक तमिळ हिशेबनीस, अगदी गंभीरपणे म्हणाला, "सार, शिंपी कोण तुमचा? नाडी कुशीला काढलीय." मी खाली पाहिलं. नाडी खरंच डाव्या कुशीला होती, आणि मांड्यांच्या मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा जोडलेला होता. "पुण्याकडे असंच शिवतात," असं म्हणून मी उरलेला डाव जागचा न हलता हरलो. एवढं मात्र सांगतो, इतकी सुखाची चड्डी मी त्याआधी कधी घातली नव्हती.

ते सुख फुकटात आलं नव्हतं. त्यासाठी बायकोने दोन महिने सोसलं होतं.

झालं होतं असं की रेल्वेरुळांच्या पलीकडे एक खाजगी शाळा होती. कारखान्यात देशभरचे लोक, त्यांच्या मुलांना हिंदी शिकवायला बाई हवी होती. जूनमध्ये बायकोला तात्पुरतं घेतलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कायम करू, पण एक दिवसही उशीर चालणार नाही, अशी मुख्याध्यापिकेची अट. बस शाळेची घंटा झाल्यावर पोचायची. म्हणून आम्ही जुनी लेडीज सायकल घेतली. मागच्या चाकाला जाळी, पुढे टोपली. बायको सायकल चालवायला माझ्यापेक्षा लवकर शिकली, हे मला आवडलं नाही, पण ते असो.

आठवड्याभरात ती उभ्याने स्वयंपाक करून उभ्यानेच जेवू लागली. मी विचारलं, तर "अशीच" म्हणाली. नंतर कळलं की मद्रासचा घाम, परकराच्या चुण्या आणि सायकलचं टणक चामड्याचं सीट यांनी मिळून तिच्या मांड्या सोलवटून काढल्या होत्या. मी तज्ज्ञासारखा सल्ला दिला, पावडर लाव, भरपूर लाव. तिने लावली. शाळेत पोचेपर्यंत घामात त्या पावडरीची कणीक मळली गेली होती, असं तिनेच नंतर सांगितलं. त्यानंतर तिने माझा सल्ला घेणं बंद केलं आणि ती अक्कांकडे गेली.

अक्का आमच्या रांगेत अगदी टोकाच्या घरात राहायच्या. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेलं. बोलायच्या मराठी, पण ते जुनं, हेल तमिळ आणि मधेच एखादा शब्दही तमिळ. सबंध वसाहतीत आमच्याशिवाय मराठी बोलणारं तेवढं एकच घर. बायको पहिल्यांदा त्यांच्याशी बोलून आली तेव्हा रडली होती आणि वर म्हणाली होती, "काही शब्द मला कळले नाहीत, तरी बरं वाटलं."

अक्कांकडे शिवणाचं मशीन होतं. दोघींनी माझं एक जुनं धोतर फाडलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. मला विचारलं नाही. पहिली चड्डी मधल्या शिवणीमुळे टोचली, ती उसवली. दुसरीला मधे शिवण येऊच नये म्हणून तो शंकरपाळा जोडला. नाडीची गाठ पोटात रुतायची, ती कुशीला नेली. लांबी गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे मांडीला मांडी लागणार नाही आणि साडीखालून दिसणारही नाही. अक्का म्हणायच्या, "बैस गे, पाय हालव. कुठें लागतें? तिथें लागतें तर तिथें काढूं." बायको स्टुलावर बसून हवेत पेडल मारायची.

घासणं थांबलं, खाज थांबेना. तेव्हा दोघी दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरकडे गेल्या. ती बाई स्पष्ट बोलणारी होती. म्हणाली, ओल्या अंगावर पावडर कुणी सांगितली? (बायकोने माझं नाव सांगितलं नाही, एवढे उपकार.) शाळेत पोचलात की पहिल्यांदा कपडा बदला, घामेजलेला दिवसभर अंगावर ठेवू नका. पुसून कोरडं करा. रोज धुतलेली घाला, साबण नीट निघू द्या. आणि वाळवता कुठे?

इथे सगळं अडलं होतं. बायकांचे आतले कपडे साडीखाली झाकून वाळत घालायचे, ही रीत तिला आईने शिकवलेली, तिच्या आईला तिच्या आईने. मद्रासच्या दमट हवेत साडीखालची चड्डी तिसऱ्या दिवशीही दमटच राहायची आणि ती तशीच घालायची. डॉक्टरीण म्हणाली, "उन्हात वाळवा. उघड्या उन्हात. नाहीतर इथे येत राहा."

आमच्या मागच्या अंगणावर पाण्याच्या टाकीची सावली असायची, आणि पुढच्या दारी तर सगळी वसाहत. अक्कांच्या अंगणात मात्र दिवसभर ऊन. अक्काच म्हणाल्या, "माझ्या दोरीवर घाल गे. वेयिलांत, उन्हांत, तासाभरांत कडक होईल. कोणी विचारलें तर यजमानांची म्हणेन." त्यांचे यजमान जन्मभर पंचाच नेसत आलेले आणि आकाराने असे की त्या चड्डीत त्यांचा एक हात जेमतेम गेला असता. पण कुणी विचारलं नाही. संध्याकाळी अक्का आमच्या घड्या आणून द्यायच्या, आणि त्यातलीच एक उचलून मी कोर्टावर गेलो होतो.

श्रावण संपेपर्यंत तिची कातडी बरी झाली. पावसाची सर असो, रुळांवरचं फाटक बंद असो, तिला एक दिवस उशीर झाला नाही. टोपलीत डबा, पुस्तकं आणि कागदात गुंडाळलेला एक कोरडा जोड. घरी आली की गुणगुणायची. दसऱ्यानंतर कायम, हे आम्ही दोघांनी मनात पक्कं करून टाकलं होतं.

नवरात्रात तिकडे घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. बायका एकमेकींकडे जातात, कुंकू आणि उसळीचा द्रोण घेऊन येतात. अक्कांकडे गेलो त्या संध्याकाळी आम्ही पुरुष ओट्यावर द्रोण संपवत होतो. आतून एका बाईचा आवाज आला, इंग्रजीत, सगळ्यांना समजेल असा. "टीचर, तुमची ती स्किन डिसीझ बरी झाली का? आमची मुलगी पहिल्या बाकावर बसते, म्हणून विचारलं." मग कुणीतरी म्हणालं, "आणि आत म्हणे पुरुषांची चड्डी घालता?" हसू झालं. बायको काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा हातात कुंकवाची पुडी होती आणि द्रोण तिने आतच ठेवला होता.

वाटेत म्हणाली, "तुम्ही कोर्टावर मिरवलीत, तिथून हे सुरू झालं."

मलाही तसंच वाटलं. दोन दिवस मी घरात मांजरासारखा वावरलो. हिशेबनिसाला गाठून, कुणाला सांगितलंस का, म्हणून शपथा घातल्या. तो बिचारा म्हणाला, "सार, मी तर तुमच्या शिंप्याचा पत्ता शोधत होतो."

सुट्टीनंतर मुख्याध्यापिकेने तिला बोलावलं. पालक विचारतायत म्हणाली. बायकोने डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठी न उघडता ती बाई म्हणाली, "ते जांभळं औषध अजून लावावं लागतं का?"

घरी येऊन बायकोने हे मला सांगितलं. मी विचारलं, "कुठलं जांभळं औषध?"

"बघा," म्हणाली, "तुम्हालाही ठाऊक नाही. डॉक्टरणीने दिलेलं ते मी कुणाला दाखवलं नव्हतं. अक्कांनी लावून दिलं होतं, माझा हात पोचत नव्हता तिथे."

मग आठवड्याच्या आत कळलं. बायकोच्या जागी नवी बाई घेतली होती, हिंदीच्या परीक्षा पास झालेली. अक्कांच्या बहिणीची मुलगी. तंजावरहून आली होती आणि अक्कांकडेच उतरली होती.

बायको दोरीवरचे आपले कपडे आणायला गेली. मी कुंपणापर्यंत सोबत गेलो, त्यापुढे जायचा धीर झाला नाही. अक्का चिमटे काढून एकेक कपडा तिच्या हातावर ठेवत होत्या.

"अक्का, तुम्ही सांगितलंत?"

"मी खोटें काय सांगितलें?" अक्का म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "औषध लावत होतीस कीं नाहीं? तुला काय गे, तुझे यजमान पक्के नोकर. आमच्या पोरीला नोकरी नसली तर कोण सून करून घेईल? तूं सुम्मा, उगीच, मनाला लावून घेऊं नको."

बायकोने घड्या छातीशी धरल्या. भांडेल असं मला वाटलं होतं, मी तयारीत होतो. ती म्हणाली, "ऊन दिलंत, तेवढं पुष्कळ झालं," आणि परत आली. हे वाक्य मला अजून सोडत नाही. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. इतके महिने ती अक्कांचे आभार मानत आली होती, ती सवय एकदम सुटली नाही.

पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, झाला. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिलं तर अक्कांच्या दोरीवर दोन नव्या कोऱ्या पांढऱ्या चड्ड्या लखलखीत उन्हात हलत होत्या. मधे शंकरपाळा, नाडी कुशीला. ती मुलगीही सायकलने जाऊ लागली होती. आता कुणी रोग म्हणत नव्हतं, हसत नव्हतं. झाकायलाही काही अंथरलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी चपला शोधायला लागलो. बायको तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"बसा," ती म्हणाली. "जाऊन काय म्हणणार? माझ्या बायकोची चड्डी परत द्या? नोकरीचं काय, मिळेल एखादी. पण दुपारी कुंपणाशी उभं राहून मराठीत चार शब्द बोलावे म्हटलं तर आता कोण आहे? तुम्ही आहात म्हणा. पण तुमच्याबद्दलची गाऱ्हाणी तुम्हालाच काय सांगायची?"