ओताकारच्या नावावरची खूण

ओदिल मुरंब्यासाठी ग्रोसेय नावाच्या झुडपाची लाल आंबट फळं काट्याने देठापासून सोडवत होती. पातेलं निम्मं भरलं होतं, निम्मी टोपली बाकी होती, तेवढ्यात शेजारची लिबुशे मागच्या दाराने आली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली.

"लेख गेला का गं?"

"नाही अजून."

"आज शुक्रवार."

"मला ठाऊक आहे, लिबुशे."

लिबुशेचा नवरा ओताकार गेल्या जुलैत देवाघरी गेला. रविवारी त्याला वर्ष होणार. सरहद्दीलगतच्या प्रयोगशाळेत त्याने आयुष्यभर केसाएवढ्या बारीक तारा ओवल्या, एकेक तार हाताने ताणून. त्या तारांनी टिपलेल्या कणांवरचा लेख आता कुठे तयार झाला होता. प्रयोगातल्या हजारएक माणसांची नावं लेखावर येतात, अक्षरांच्या क्रमाने. थोर कोण, धाकटा कोण, कळायला वाव नाही. माणूस गेला तरी वर्षभर त्याचं नाव तिथेच राहतं, फक्त त्यावर खंजिरासारखी बारीक खूण येते. वर्ष उलटल्यावर पाठवलेल्या लेखातून नाव निघतं.

"प्रयोगाच्या प्रमुखांना सांगून मुदत वाढवून घेऊ का?" ओदिलने हळूच विचारलं.

"नको. ओताकारने जेवणाच्या रांगेतसुद्धा कधी पुढे घुसून ताट घेतलं नाही. त्याच्यासाठी भीक मागू नकोस."

ओदिलने हात पुसले, पातेल्यावर फडकं टाकलं आणि कामावर निघाली.

आमच्या गावातल्या बेकरीवाल्याची ही मुलगी टंकलेखिका म्हणून त्याच प्रयोगशाळेत लागली, आणि होता होता साऱ्या प्रयोगाची सचिव झाली. तीस देशांची माणसं, त्यांचे व्हिसा, हरवलेल्या बॅगा, बैठका, गटाचं बातमीपत्र, सगळं तिच्या गळ्यात. चर्चमध्ये ती फक्त लग्नाला आणि मयताला दिसते. पण कुणाचा रमजान, कुणाचा ईस्टर, कुणाचं नवीन वर्ष, हे आमच्या पाद्रीबाबांपेक्षा तिला जास्त पाठ. उपासाच्या दिवशी तिने कुणाला कधी मेजवानीला बसवलं नाही. देव अशा माणसांकडे कौतुकाने पाहत असणार, असं मला नेहमी वाटतं.

लेखाचं घोडं एका वाक्यावर अडलं होतं. जे दिसलं त्याला 'पुरावा' म्हणायचं की नुसती 'चाहूल'? प्रयोगातल्या रुजेरोने संगणकावर हरकत नोंदवली, लेखाची संपादक गुंडुलाने उत्तर दिलं, आणि मग तीन आठवडे दोन्हीकडे चिडीचूप. दोघांच्या खोल्या एकाच बोळात, समोरासमोर.

ओदिल आधी रुजेरोकडे गेली. "काय रे, तुझी हरकत मिटली की नाही?"

"माझी कधीच मिटली. चाहूल म्हणू या, मला मान्य आहे. गुंडुलाच बंद करत नाहीये. रागावलीय बहुतेक."

"तिला विचारलंस?"

"तिच्या उत्तराखाली लिहिणं बरं दिसेना. भांडण उकरल्यासारखं झालं असतं."

ओदिलने समोरचं दार ठोठावलं. गुंडुलाने चष्मा वर केला. "मी का बंद करू? ज्याने हरकत घेतली त्यानेच 'मिटली' असं लिहायचं, हा आपला रिवाज. मी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेय. अजून काहीतरी खुसपट काढणार असेल."

"चला दोघं, कॉफी प्यायला. संगणक इथेच राहू दे."

कॉफीच्या यंत्रापाशी दोघं शाळेतल्या पोरांसारखी खाली बघत उभी राहिली.

"म्हणजे तू रागावली नव्हतीस?" रुजेरो म्हणाला.

"रागावले होते की. पण ते पहिल्या दिवशी. नंतर विसरले."

"मग समोरून जाताना बोलत का नव्हतीस?"

"तू कुठे बोलत होतास?"

ओदिल म्हणाली, "आता लग्नाची बोलणी पुरे. ओताकार व्हावराचं वर्ष परवा भरतंय."

दोघांचे चेहरे उतरले. रुजेरोला तार कशी ताणायची ते ओताकारनेच शिकवलं होतं. तो कॉफी तशीच ठेवून खोलीकडे पळाला. त्याने हरकत मिटवली, गुंडुलाने शब्द बदलला, प्रमुखांनी होकार दिला. दुपार कलायच्या आत ओदिलने लेख नियतकालिकाकडे धाडला आणि पोच येईपर्यंत खुर्चीतून उठली नाही. मग नावांच्या यादीचं शेवटचं पान छापून घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

घरी आली तर लिबुशे तिच्याच टेबलाशी बसलेली. टोपली रिकामी, पातेलं काठोकाठ, लिबुशेची बोटं लालभडक. ओदिलने कागद तिच्यासमोर उलगडला. पार तळाशी, बारीक अक्षरांत, व्हावरा. वर खूण.

लिबुशेने बोट लावलं नाही. डाग पडेल म्हणून. नुसती वाकून बघत राहिली. "चष्म्याशिवाय त्याला दिसलं नसतं," म्हणाली. मग, "रविवारी चर्चमध्ये त्याच्या वर्षाच्या मिसाला येशील?"

"येईन."

"खरंच?"

"येईन म्हटलं ना. साखर किती आहे बघ गं डब्यात."

"तळाला गेलीय."

ओदिलने दाराआडची पिशवी घेतली आणि साखर आणायला गेली.